पिशवी काढायची नाही, तपासायची आहे

गुढीपाडवा झाला की आमच्याकडच्या टोळ्या परततात. सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली माणसं सगळा संसार ट्रॉलीत घालून गावात उतरतात. दसरा-दिवाळीपासून कुलूपबंद असलेली घरं उघडतात, अंगणं सारवली जातात आणि पुढचे काही महिने गाव भरलेलं राहतं. आरोग्य सेविका म्हणून माझ्या कामाचा हंगाम हाच. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी जिची व्हायला हवी, ती तिशी-चाळिशीतली बाई एरवी उसाच्या फडावर असते. गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर ठेवलेली शाळेतली पोरं.

माझं उपकेंद्र धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या पट्ट्यात आहे. बीडची हद्द जवळच. सकाळी आशाताई आणि मी वस्त्यांवर निघतो. तिशीवरच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म भरायचा असतो: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला बीपी किंवा शुगर आहे का. कमरेला टेप लावला की बायका हसतात. बीपीचा पट्टा बांधून घ्यायला सगळ्या तयार असतात, बोटातून रक्ताचा थेंब द्यायलाही कुणी फारशी कुरकुर करत नाही. मशेरी लावणाऱ्या म्हाताऱ्या तोंड उघडून दाखवताना जरा लाजतात, पण दाखवतात. गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर चिठ्ठी देऊन पुढे पाठवते, आणि त्या जातातही. इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग मी म्हणते, "आक्का, गुरुवारी केंद्रावर या, पिशवीच्या तोंडाची तपासणी करू." आणि गप्पा तिथेच थांबतात.

"सिस्टर, नुसतं बघायचंय ना? काढायचं तर नाही ना?"

वस्ती बदलते, प्रश्न तोच राहतो.

या प्रश्नामागची भीती खरी आहे आणि ती बायकांच्या अनुभवातून आलेली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीने पाहणी केली. नीलम गोऱ्हे त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. 82,309 बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्याच काळात बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं. पण बायका जिल्ह्याची हद्द बघून दवाखाना निवडत नाहीत. जिथे ओळखीच्या बाईचं ऑपरेशन झालं तिथे त्या जातात.

वर्तमानपत्रांतून तेव्हा एक गोष्ट ठळक छापून आली, की पाळीमुळे कामाचा खाडा पडू नये म्हणून या बायका पिशवी काढून घेतात. ते खोटं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत राबायचं, आणि एक दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे भरायचे. पण मी ज्या बायकांशी बोलले त्यांतल्या बहुतेकींनी मला वेगळं कारण सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, कॅन्सर होईल.

एका बाईची फाइल मी स्वतः पानन्पान वाचली आहे. तिचं नाव-गाव सांगत नाही. ऑपरेशन झालं तेव्हा ती 28 वर्षांची होती. लग्न सोळाव्या वर्षी, दोन मुलं, मग नसबंदी. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत जुनं फडकं, डोक्यावर उसाच्या मोळ्या घेऊन ट्रकवर चढायचं. अंगावरून पांढरं जायला लागलं, कंबर धरली, म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली. फाइलमध्ये एक सोनोग्राफी होती, तिच्यात गर्भाशयाला थोडी सूज लिहिली होती. रक्ताचे दोन रिपोर्ट होते. त्याच आठवड्यातलं ऑपरेशनचं बिल होतं. कॅन्सरचा संशय असेल तर ज्या तपासण्या करायच्या असतात, त्यांतली एकही नव्हती. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेऊन केलेली तपासणी, नाही, बायोप्सी नाही, काढलेली पिशवी तपासायला पाठवल्याचा कागद नाही. पांढरं जाण्यावर गोळ्यांचा कोर्स दिल्याची नोंदही नाही. पांढरं जाण्यामागचे जंतुसंसर्ग बहुतेक वेळा गोळ्यांनी बरे होतात, आणि त्या गोळ्या आमच्या केंद्रात फुकट मिळतात.

तिची बीजकोशंही काढली होती. आता तिला भर थंडीत घाम फुटतो, सांधे धरतात, झोप लागत नाही. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून उचलले, ते फेडायला ती त्याच वर्षी पुन्हा फडावर गेली. ती मला म्हणाली, "कॅन्सर तरी टळला." गर्भाशयाचं तोंड काढल्यावर तिथला कॅन्सर होत नाही, हे खरं आहे. पण तिला तो होणार होता असं सांगणारा एकही पुरावा त्या फाइलमध्ये नव्हता. मी तिला काय उत्तर द्यायचं? मी तिला कॅल्शियम सुरू केलं, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नेलं आणि तिच्या धाकट्या जावेला तपासणीला घेऊन ये म्हणून सांगितलं. ती घेऊन आली.

ज्या आजाराची भीती दाखवून बायकांची गर्भाशयं काढली गेली, तो आजार वेळेवर पकडण्याची साधी रीत आपल्याकडे अनेक वर्षांपासून आहे. ती किती साधी आहे हे बायकांना कळलं की भीती निम्मी उतरते, म्हणून मी ती प्रत्येकीला आधी तोंडी सांगते आणि मग सामान दाखवते.

आमच्या केंद्रातल्या आतल्या खोलीला मी जाड कापडाचा पडदा लावून घेतला आहे आणि दाराला आतून कडी बसवली आहे. या दोन गोष्टींशिवाय ही तपासणी होऊच शकत नाही, आणि सरकारी यादीत दोन्ही नव्हत्या. टेबलाशेजारी दिवा, ट्रेमध्ये निर्जंतुक केलेला स्पेक्युलम, म्हणजे आतलं तोंड दिसावं म्हणून वापरायचं साधन, कापसाचे लांब बोळे, आणि एका बाटलीत पाच टक्के असेटिक अ‍ॅसिड. स्वयंपाकातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच हे. मी बाटलीचं झाकण उघडून बायकांना वास घ्यायला देते. "ह्याला तर लोणच्यासारखा वास येतोय," असं एकीने म्हटलं की बाकीच्या सैल होतात. स्पेक्युलम मी कोमट पाण्यात बुडवून घेते, कारण थंड लोखंड लागलं की बाई अंग आखडते आणि मग दुखतं. दिव्याच्या उजेडात गर्भाशयाचं तोंड दिसतं, गुलाबी, मध्ये छोटं भोक. वरचा चिकट स्राव पुसायचा, अ‍ॅसिडचा बोळा लावायचा आणि एक मिनिट थांबायचं. त्या मिनिटात मी घड्याळाकडे बघत तिच्या पोरांची चौकशी करते. निरोगी तोंड गुलाबीच राहतं. पेशी बदलायला लागल्या असतील तर मधल्या भोकाच्या कडेला, जिथे दोन प्रकारच्या त्वचा जुळतात तिथे, दाट पांढरा, कड स्पष्ट असलेला चट्टा उमटतो. डोळ्यांनी दिसतो. लॅब लागत नाही, आणि निकाल बाई टेबलावरून उठायच्या आत हातात असतो. आमच्यासारख्या भागात या शेवटच्या गोष्टीची किंमत फार आहे, कारण रिपोर्टसाठी पुन्हा ये म्हटलेली बाई पुष्कळदा पुन्हा येत नाही.

पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवते. हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो, लग्न झालेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या बायकांत तो ठाण मांडतो. तिथून कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. इतका अवधी देणारे कॅन्सर थोडे आहेत. शरीरसंबंधाचा विषय निघाला की काही बायका मान खाली घालतात. त्यांना मी स्पष्ट सांगते, की यात तुझा काही दोष नाही, तुझ्या चारित्र्याचा काही संबंध नाही. नवऱ्याकडूनही हा विषाणू येतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

वेळेवर तपासणी केली तर जीव वाचतो, हे ज्ञान कुठून आलं, ते मला नोकरीत बरीच वर्षं गेल्यावर एका प्रशिक्षणात कळलं, आणि तेव्हापासून मी ते प्रत्येक वस्तीवर सांगते. कारण ते आमच्याच जिल्ह्यातून आलं आहे. ऑक्टोबर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. 497 गावं, त्यांचे 52 गट, आणि 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका. काही गटांत एचपीव्हीची चाचणी केली, काहींत पॅप स्मिअर, काहींत मी करते ती अ‍ॅसिडची तपासणी. उरलेल्या गटांत नेहमीचीच आरोग्यसेवा चालू राहिली, वेगळी तपासणी केली नाही. सगळ्यांकडे आठ वर्षं लक्ष ठेवलं. एचपीव्हीची चाचणी झालेल्या 34,126 बायकांत या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या 31,488 बायकांत 64. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. 2009 साली हे निष्कर्ष छापले गेले आणि जगभरातल्या आरोग्य धोरणात त्यांचा आधार घेतला गेला.

त्या 64 बायकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. तपासणी न करता एका गटाला तसंच ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे परदेशातल्या आणि आपल्याकडच्या डॉक्टरांत कडाक्याचा वाद झाला. एक बाजू म्हणते, पॅप स्मिअर उपयोगी आहे हे जगाला आधीच माहीत होतं, मग या बायकांना ती का नाकारली? दुसरी बाजू म्हणते, त्या काळी ग्रामीण भारतात कुणालाच कोणतीही तपासणी मिळत नव्हती, आणि कोणती रीत आपल्याकडे चालेल हे शोधायला दुसरा मार्ग नव्हता. मी संशोधक नाही. फडावरून आलेल्या बायकांत वावरणारी मी एक नर्स आहे, आणि माझं मत असं, की अभ्यास करणाऱ्यांनी निदान निकाल जगासमोर ठेवला. त्या निकालावर इतक्या वर्षांत जे काम उभं राहायला हवं होतं ते राहिलं नाही, आणि माझ्या लेखी अन्याय तो आहे. ज्या जिल्ह्याने जगाला हे शिकवलं, त्याच जिल्ह्यातली बाई आज मला विचारते, की ही तपासणी नवीन निघालीय का?

म्हाताऱ्यांना मात्र आठवतं. बार्शीचं हॉस्पिटल 1987 पासून बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतल्या खेड्यांत कॅन्सरची नोंद ठेवतं. डॉ. कस्तुरी जयंत यांचं त्या कामात मोठं योगदान आहे. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. माणसं गावोगाव फिरून लोकांशी बोलत, लक्षणं सांगत. नुसत्या या बोलण्यानेसुद्धा बायका आजार वाढायच्या आधी दवाखान्यात यायला लागल्या, असं त्यांना दिसून आलं. कॅन्सर म्हटलं की आमच्याकडची जुनी माणसं आजही बार्शीचं नाव घेतात, आणि विश्वासाने घेतात.

या विश्वासाचा मला एकदा फार उपयोग झाला. बेचाळीस वर्षांची एक बाई, रानातल्या वस्तीवरची. तिला तिच्या सासूनेच ओढत आणलं होतं. तपासणीत वरच्या कडेला पांढरा चट्टा उमटला, छोटा, पण दाट. मी तिला कपडे नीट करून बसू दिलं आणि मग सांगितलं. ती काही बोललीच नाही. बाहेर नवरा मोटारसायकलवर बसून होता, त्याला बोलावलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मग आता पिशवी काढावी लागंल. आमच्या मेव्हणीची काढली." मी कागदावर चित्र काढून समजावत होते आणि तो मान हलवत होता, पण त्याचं ठरलेलं दिसत होतं. तेवढ्यात सासू मध्ये पडली. "माझंबी घेतलं होतं बार्शीवाल्यांनी," ती म्हणाली. "बारीक बुरूशासारखी काडी होती. माझी काढली का पिशवी? मला काय झालं? तिला बार्शीला नेऊ." पंचवीस वर्षांपूर्वी त्या म्हातारीशी कुणीतरी नीट वागलं होतं, नीट समजावून बोललं होतं, आणि त्याचं फळ तिच्या सुनेला मिळालं.

त्या बाईचं पुढे काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण बायका हेच विचारतात. मोठ्या दवाखान्यात कॉल्पोस्कोप नावाच्या दुर्बिणीतून तिचं गर्भाशयाचं तोंड पाहिलं, चिमूटभर तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, कॅन्सरच्या आधीची अवस्था होती. मग एका उपकरणाचं टोक सुमारे शंभर अंश तापवून त्या चट्ट्यावर मिनिटभरही न होईल इतका वेळ टेकवलं. पोटात दुखलं, पाळीला दुखतं तसं. भूल नाही, टाके नाहीत, रात्रभर भरती नाही. त्याच दिवशी ती एसटीने परत आली. पुढे काही आठवडे पाण्यासारखं अंगावर गेलं, तेवढे दिवस नवऱ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. पाळी चालू राहिली, बीजकोशं जागेवर राहिली, कुणाकडून उचल घ्यावी लागली नाही. वर्षाने पुन्हा तपासलं तेव्हा तोंड स्वच्छ गुलाबी होतं.

पण हे सगळं पाडवा ते दसरा एवढ्या काळात बसलं म्हणून झालं. हाच चट्टा दिवाळीच्या तोंडावर सापडला असता तर ती फडावर गेली असती आणि सहा महिने कुणी तिला शोधू शकलं नसतं. माझ्या यादीत अशा बायका आहेत. निकाल सांगितला, चिठ्ठी दिली, तारीख ठरली आणि टोळी निघाली. मुकादमाला फोन केला तर तो म्हणतो, "सिस्टर, बाई गेली तर अर्धा कोयता गेला." एक बाई अशीच गेली. परत आली तेव्हा तिला पाळी नसतानाही रक्त जात होतं, वास येत होता. आजार पुढच्या टप्प्यात गेला होता. तिला शेकायला नेलं, म्हणजे रेडिएशनला. ती वाचली नाही. तिला पुढे पाठवल्याची चिठ्ठी तिच्या घरात देवाच्या फोटोमागे सापडली.

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि 75 हजारांहून जास्त जणी त्याने दगावतात. आणि 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत 30 ते 49 वयाच्या किती बायकांची आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झाली होती? शंभरात दोघींचीसुद्धा नाही: 1.9 टक्के.

असं का, याचं उत्तर बायकांच्या अडाणीपणात शोधणाऱ्यांचा मला राग येतो. अ‍ॅसिडची बाटली संपली की महिना-महिना दुसरी येत नाही. दिव्याचा बल्ब गेला तर मोबाइलच्या टॉर्चवर मी ही तपासणी करणार नाही, कारण त्या उजेडात चट्टा चुकू शकतो. बऱ्याच उपकेंद्रांत एकच खोली असते, तिथेच लसीकरण, तिथेच औषधं, तिथेच रजिस्टरं. आणि वरून विचारलं जातं ते फॉर्म किती भरले, ऑनलाइन नोंद किती झाली. एका वरिष्ठाने मला एकदा सांगितलं होतं, की बाईला लक्षणं विचारा, काही नसेल तर 'तपासणी झाली' असं टाका. मी टाकलं नाही. लक्षणं विचारणं ही या आजाराची तपासणी होत नाही. लक्षणं येण्याआधी पकडायचं म्हणूनच तर एवढा खटाटोप आहे. तशी खोटी नोंद झालेली बाई पुढची पाच वर्षं कुणाच्याच यादीत येत नाही.

आमच्या या तपासणीची मर्यादाही सांगायला हवी. उस्मानाबादच्या त्याच अभ्यासात एकदाच केलेल्या अ‍ॅसिडच्या तपासणीने मृत्यू स्पष्टपणे कमी झालेले दिसले नाहीत. एचपीव्ही चाचणीने दिसले. मुंबईत टाटा मेमोरियलने झोपडपट्ट्यांत केलेल्या दुसऱ्या अभ्यासात दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून हीच तपासणी दर दोन वर्षांनी करून घेतली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. म्हणजे ती पुन्हा पुन्हा करावी लागते आणि करणाऱ्याची नजर तयार लागते. पाळी गेलेल्या बाईत तर पेशी जिथे बदलतात ती जागा आत सरकते आणि मला दिसतच नाही. म्हणून मला वाटतं, की एचपीव्हीची चाचणी गावापर्यंत यायलाच हवी. तिच्यासाठीचा नमुना बाई स्वतःच्या हाताने, आडोशाला जाऊन, छोट्या ब्रशने घेऊ शकते. ज्या बाईला टेबलावर झोपायचीच लाज वाटते तिच्यासाठी यासारखी सोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं आहे, ते अशाच चाचणीचं: वयाच्या पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा, शंभरातल्या सत्तर बायकांची.

आणि मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस 2023 मध्ये आली. ही लस किती डोसांत पुरते याचा भारतात 2009 पासून जो अभ्यास झाला, त्यात 17 हजारांहून अधिक मुली होत्या, आणि त्या अभ्यासाच्या केंद्रांमध्ये बार्शीही होतं. 2010 साली सरकारने अशा अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं, त्यामुळे बऱ्याच मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की एक डोससुद्धा भक्कम संरक्षण देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली एका डोसाला मान्यता दिली, त्यामागे या मुलींचाही वाटा आहे. दुसऱ्यांदा आमच्या भागाने जगाला काही शिकवलं. निदान या वेळी त्याचा फायदा इथल्या पोरींना आधी मिळावा, आणि आश्रमशाळेतल्या, साखरशाळेतल्या पोरी त्यातून सुटू नयेत.

साखर कारखान्यांकडे माझं एक मागणं आहे. गाळप हंगामात तुमच्या कार्यक्षेत्रात हजारो बायका सहा महिने राहतात. त्यांतल्या तिशीवरच्या प्रत्येकीला तपासणीसाठी एक दिवस द्या, त्या दिवसाचा खाडा धरू नका, आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाशी बोलून तो दिवस ठरवा. ज्या बाईला पुढे पाठवायचं आहे तिची चिठ्ठी गावाकडच्या सिस्टरला आणि फडाजवळच्या दवाखान्याला, दोन्हीकडे पोहोचली पाहिजे. याला फार पैसा लागत नाही.

आणि हे वाचणाऱ्या बाईला सांगणं इतकंच. तिशी ओलांडली असेल तर काही दुखत-खुपत नसतानाच जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या, आणि पुन्हा कधी यायचं ते विचारून या. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर वाट पाहू नका. आणि कुणीही तुम्हाला सांगितलं, की कॅन्सर होईल, पिशवी काढा, तर ऑपरेशनच्या कागदावर सही करायच्या आधी विचारा: हे कोणत्या तपासणीत दिसलं, आणि तिचा रिपोर्ट कुठे आहे? तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय टेबलावर झोपू नका.